शिकवणारीला मानधन हवं

आपल्या खारेपाटणात सापडलेला शिलाहार राजा रट्टराजाचा ताम्रपट शके ९३० चा, म्हणजे हजार वर्षांपूर्वीचा. दान दिलं, ते लिहून ठेवलं. आणि आमच्या गटात काहीजणी अजून ठरावाखाली अंगठा उठवतात.

सरकारचा ‘उल्लास’ साक्षरता कार्यक्रम २०२२ ते २०२७ असा आहे. पंधरा वर्षांपुढच्या निरक्षरांना वाचन, लेखन, हिशेब शिकवायचा, मग १५० गुणांची चाचणी. पाच वर्षांत पाच कोटी माणसं, खर्च १,०३७.९० कोटी. भागाकार करा : माणशी सुमारे २०८ रुपये! त्यातच सगळं. शिकवायचं स्वयंसेवकांनी, बिनमोबदला. लावणी आली की शिकवणारी मजुरीला जाते, वर्ग बंद. तिला दोष कसा द्यायचा? आणि चाचणीनंतर हाती पुस्तक नसेल तर शिकलेली अक्षरंही विसरतात.

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला-बालकल्याणावर खर्चायचे असतात. ग्रामसभेआधी महिलांची सभा होते. तिथे आम्ही मागणार : शिकवणारीला मानधन, वर्गाला दिवा, वर्षभर मोठ्या अक्षरांची पुस्तकं. तुम्हीही मागा. आणि ठराव इतिवृत्तात उतरला का, ते तिथेच वाचून घ्या.