विश्लेषण : स्कॉटिश पोशाखात मोज्यात सुरी कशासाठी?

किल्ट घातलेल्या स्कॉटिश पुरुषाच्या मोज्यातून अनेकदा एक छोटी मूठ डोकावते. तिच्याखाली खरेखुरे पाते असते. ब्रिटनमध्ये सार्वजनिक ठिकाणी सुरी बाळगणे गुन्हा असताना ही सुरी लग्नसमारंभात कशी चालते? तिथे पदवीदानाला किंवा मित्राच्या लग्नाला किल्ट भाड्याने घेणाऱ्या आपल्याकडच्या विद्यार्थ्यांनीही हे समजून घ्यायला हवे.

ही सुरी कोणती?

तिचे गेलिक नाव ‘स्कीअन डू’, म्हणजे काळी सुरी. ‘डू’ला ‘लपलेली’ अशीही छटा आहे. हायलँडमधले लोक पूर्वी काखेजवळ सुरी लपवत आणि कुणाच्या घरी गेल्यावर विश्वासाची खूण म्हणून ती यजमानाला दिसेल अशी ठेवत, असे परंपरा सांगते. १७४६च्या कायद्याने हायलँड पोशाखावर आलेली बंदी १७८२ मध्ये उठली. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिनबरा भेटीत किल्ट घालून वावरला आणि या पोशाखाला प्रतिष्ठा मिळाली. मोज्यातली सुरी रूढ झाली ती याच शतकात.

ती कशी खोचतात?

उजव्या हाताने काम करणारा उजव्या पायाच्या मोज्यात, तर डावखुरा डाव्या. सुरी म्यानासह, पोटरीच्या बाहेरच्या बाजूला. मुठीचा वरचा भाग तेवढाच दिसावा. अर्धी सुरी बाहेर आली तर ते गबाळेपण मानतात. दिवसाच्या साध्या पोशाखाबरोबर सांबरशिंगाची किंवा साध्या लाकडाची मूठ, संध्याकाळच्या समारंभाला चांदीचे काम आणि खडा जडवलेली काळी मूठ, असा संकेत आहे.

‘डर्क’ केव्हा?

डर्क हा कमरपट्ट्याला लटकवायचा लांब खंजीर. तो प्रामुख्याने बॅगपाइप वादक, लष्करी गणवेश आणि अतिऔपचारिक प्रसंगी दिसतो. साध्या पाहुण्याने तो लावला तर बडेजाव वाटतो.

म्यानातून काढावी का?

गंमत म्हणून मुळीच नाही. २५ जानेवारीच्या आसपास होणाऱ्या ‘बर्न्स सपर’मध्ये हॅगिस हा पदार्थ समारंभपूर्वक कापतात, तेव्हा मात्र यजमानाच्या हातात सुरी किंवा डर्क शोभतो.

कायदा काय सांगतो?

इंग्लंड-वेल्समध्ये १९८८चा, तर स्कॉटलंडमध्ये १९९५चा कायदा लागू आहे. तीन इंचांपर्यंत पाते असलेला घडीचा चाकू वगळता पाते बाळगण्यास सबळ कारण लागते. काम, धर्म आणि राष्ट्रीय पोशाख ही कारणे कायद्यानेच मान्य केली आहेत. शीख बांधवांच्या कृपाणाला धर्माचा आधार मिळतो, तर स्कीअन डूला पोशाखाचा. पण कारण पटवून देण्याची जबाबदारी बाळगणाऱ्याची. म्हणूनच किल्ट उतरवून जीन्स चढवली आणि सुरी खिशात राहिली, तर पोशाखाची सबब संपते.

काय काळजी घ्यावी?

विमानात ही सुरी हातसामानात चालत नाही. चेक-इन बॅगेत ठेवावी लागते. सभागृह, पब किंवा शाळा आपल्या आवारात तिला मनाई करू शकतात, त्यामुळे आधी विचारलेले बरे. पाते नसलेल्या, नुसती मूठ आणि म्यान असलेल्या नकली सुऱ्याही मिळतात. मोज्यात त्या तशाच दिसतात आणि पाहुण्याला तेवढ्या पुरतात.