परकोट ते पाणवठा

नागपूरहून ताडोबाला निघालेल्या बहुतेक गाड्या चंद्रपूर शहरात शिरतच नाहीत. काही चिमूरच्या अंगाने कोलारा गेट गाठतात, काही भद्रावतीहून मोहर्लीकडे वळतात. दोन सफाऱ्या, जमला तर एक वाघ, भरपूर फोटो आणि परतीचा रस्ता. चंद्रपूर म्हणजे या मंडळींच्या लेखी औष्णिक केंद्राच्या चिमण्या, कोळशाची धूळ आणि मे महिन्यात पेपरात छापून येणारं 47 अंशांचं तापमान. माझ्याही पहिल्या दोन खेपा अशाच झाल्या. तिसऱ्या खेपेला मात्र चार दिवसांची, वाटाड्यासह सहल ठरवली. दोन दिवस शहराला, दोन दिवस जंगलाला. त्यातही शहर आधी. हा क्रम मला आता महत्त्वाचा वाटतो.

शहरातला आमचा वाटाड्या म्हणजे इतिहासाचं वेड लागलेले एक निवृत्त शिक्षक. सकाळी सहाला त्यांनी जटपुरा गेटजवळ बोलावलं. उशीर केला की इथे वाहनांची इतकी कोंडी होते, की मान वर करून दरवाजा बघायला उसंतच मिळत नाही. मान वर केली की हत्तींवर मात करणारा सिंह दिसतो. गोंड राजांचं हे राजचिन्ह. त्याच्याखालून रोज हजारो दुचाकी जातात. उत्तरेला जटपुरा, पूर्वेला अंचलेश्वर, दक्षिणेला पठाणपुरा, पश्चिमेला बिनबा असे चार दरवाजे आणि पाच खिडक्या. सगळ्यांना जोडणारी तटबंदी सुमारे 11 किलोमीटरची. चंद्रपूरकर तिला परकोट म्हणतात. कुठे तिला घरं चिकटली आहेत, कुठे तिच्यावर झाडं उगवली आहेत. 2017 पासून इको-प्रो या संस्थेच्या तरुणांनी हातात विळे-कुदळी घेऊन तिच्यावरची झुडपं काढली, बुरूज मोकळे केले. आज आपण परकोटावरून बऱ्यापैकी चालू शकतो, ते त्यांच्यामुळे.

हा परकोट उभा राहिला त्याची गोष्ट गुरुजींनी अंचलेश्वराच्या मंदिरात बसून सांगितली. पंधराव्या शतकातला खांडक्या बल्लाळशहा बल्लारपूरच्या किल्ल्यात राहायचा. अंगभर गाठी, फोड. औषधोपचार हरले. शिकारीला निघालेल्या राजाला तहान लागली आणि झरपट नदीच्या पात्रातल्या एका डबक्याचं पाणी त्याने प्यायलं, त्याने हातपाय धुतले. त्या रात्री त्याला गाढ झोप लागली आणि सकाळी अंग साफ. त्या जागी अंचलेश्वर सापडला. पुढे त्याच परिसरात राजाने एक नवल पाहिलं. कपाळावर पांढरा ठिपका असलेला ससा त्याच्या शिकारी कुत्र्याच्या मागे लागला होता. राणी म्हणाली, ससा जिथून जिथून धावला तिथून तट बांधा. इथे नगर वसवा.

दंतकथाच ही. पण या शहराची जन्मकथा राजा शिकारीला निघाला तिथून सुरू होते, हे मी वहीत लिहून ठेवलं. अबुल फजलाच्या ‘आईन-ए-अकबरी’त चांद्याच्या गोंड राजाकडे 1,000 घोडेस्वार आणि 40,000 पायदळ असल्याची नोंद आहे. आसपास बहुतेक रानच असलेल्या मुलखात एवढं सैन्य पोसणारं हे राज्य.

अंचलेश्वराच्या शेजारीच गोंड राजांच्या समाध्या. सर्वांत देखणी बीरशहाची. राणी हिराईने नवऱ्याच्या स्मरणार्थ ती बांधली, म्हणून ताजमहालाशी तुलना करायचा मोह इथे प्रत्येकाला होतो. मला ती तुलना अन्यायाची वाटते, हिराईवर अन्यायाची. नवरा मारला गेल्यावर तिने चंदनखेड्याच्या घराण्यातला रामशहा दत्तक घेतला, तो मोठा होईपर्यंत राज्य सांभाळलं आणि महाकालीचं आजचं मोठं देऊळ उभं केलं. समाधी हा तिच्या कामाचा एक तुकडा. महाकालीच्या देवळाशी एक रक्ताची कथाही जोडलेली आहे. बीरशहाने आपल्या जावयाचं, देवगडच्या राजाचं, शीर कापून देवीला वाहिलं, असं सांगतात. चैत्रात इथे यात्रा भरते. नांदेड-परभणीकडून, तेलंगणातून माणसं लोटतात, झरपटमध्ये उतरतात. नदीचा मोठा भाग आता जलपर्णीने झाकलेला. राजाला बरं करणाऱ्या पाण्याची ही गत बघून गुरुजी काही बोलले नाहीत, चष्मा पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी लालपेठ. चंद्रपुरात एकच गोष्ट बघायला सवड असेल तर ही बघा, असं मी म्हणेन. मोकळ्या जागेत अजस्र शिळा पडल्या आहेत आणि प्रत्येकीत एक मूर्ती कोरलेली आहे. गणपती, मासा, कासव, शिवलिंग. आणि उताणी पडलेली दहा तोंडांची दुर्गा, लांबी 26 फुटांच्या आसपास. आजूबाजूची पोरं तिला बिनधास्त रावण म्हणतात. रायप्पा नावाच्या कोमटी व्यापाऱ्याला भव्य देवालय बांधायचं होतं. मूर्ती घडल्या आणि रायप्पा गेला. देऊळ झालंच नाही. देव तसेच आडवे राहिले, आता कोळसा खाणींच्या शेजारी. मूर्तीच्या पोटावर एक शेळी निवांत रवंथ करत होती. तिला हुसकावायचं कुणाच्या मनात आलं नाही.

तर्री-पोहे आणि सांबारवडी खाऊन निघालो. (पुण्या-मुंबईकरांसाठी: इथे सांबार म्हणजे कोथिंबीर. एका सहप्रवाशाने ताडोबातल्या सांबराशी नातं जोडून हात आखडता घेतला होता.) मोहर्ली इथून जेमतेम 30 किलोमीटर. वाटेत औष्णिक केंद्र लागतं. त्याच्या आवारात वाघ-बिबट्यांचा वावर ही चंद्रपूरला नवी बातमी नाही. शहर कुठे संपतं आणि जंगल कुठे सुरू होतं, हे या रस्त्यावर नेमकं सांगता येत नाही. इरई धरणाचं पाणी बाजूला चमकू लागतं, सागाची पानं रस्त्यावर यायला लागतात आणि फोनची रेंज एकेक काडीने गळते.

ताडोबा 1955 साली राष्ट्रीय उद्यान झालं, राज्यातलं पहिलं. 1986 मध्ये शेजारी अंधारी अभयारण्य झालं आणि पुढे दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प. गाभा क्षेत्र 625 चौरस किलोमीटर, बफर धरून 1,700 च्या वर. आकडे बोर्डावर आहेतच. बोर्डावर नसलेली माहिती गाईड देतो. आमचा गाईड बफरमधल्या गावचा. जिप्सी सुरू होताच म्हणाला, “पहिले रस्त्याकडे पाहा जी, मंग झाडीकडे.” रस्त्यावरच्या मऊ धुळीत रात्रीचा सगळा व्यवहार उमटलेला असतो. अस्वलाचा पंजा माणसाच्या पावलासारखा, मोराची नखं आणि त्यावरून गेलेली वाघिणीची पावलं. “पहाटेचा आहे,” तो म्हणाला. “सापाची रेघ हिच्या खाली गेली. म्हणजे साप पहिले, वाघीण मंग.”

एका पाणवठ्यापाशी सांबराने ‘ढांक’ केलं. इंजिन बंद. वानराने खाकरून दुजोरा दिला. चाळीस मिनिटं कुणी खोकलंही नाही. वाघीण आली नाही. मागून मात्र आणखी सहा जिप्सी आल्या आणि कुजबुजीचा बाजार झाला. ताडोबाचं मोठं दुखणं हेच आहे. इथे वाघ दिसतो म्हणून माणूस जास्त. गाभ्यात मोबाइलला बंदी घातली तेव्हा फार आरडाओरडा झाला, पण तो निर्णय शहाणपणाचाच. परतताना रानकुत्र्यांची टोळी रस्त्यात लोळत पडलेली भेटली. कोवळ्या उन्हात त्यांचा विटकरी रंग नुसता पेटला होता. बाकीच्या जिप्सी वाघाच्या मागे गेलेल्या, म्हणून ती अर्धा तास आमची एकट्यांची.

ताडोबा तलावाकडे जाताना रस्त्याच्या कडेला ठरावीक अंतरावर उंच दगडी खांब उभे दिसतात. आधीच्या दोन्ही खेपांना मी ते मैलाचे दगड समजून सोडून दिले होते. गाईडने जिप्सी थांबवली. हे गोंड राजांचे. खांबाखांबांतून दोर ओवायचे, घंटा बांधायच्या. राजाची स्वारी निघाली की इकडची घंटा वाजे, मग पुढची, मग त्याच्या पुढची. मला जटपुरा गेटवरचा सिंह आठवला, बल्लाळशहाची शिकार आठवली. परकोटावर न चालता आलो असतो तर हे खांब पुन्हा एकदा नुसते दगडच राहिले असते.

तलावाच्या काठी तारूचं ठाणं आहे. तारू हा गावचा मुखिया, वाघाशी झुंजताना पडला, देव झाला आणि त्याच्याच नावावरून ताडोबा. पौषात इथे आदिवासींची यात्रा भरायची रीत. तलावात मगरी आहेत. तारूची माणसं मात्र आत राहिलेली नाहीत. वाघाला जागा हवी म्हणून बोटेझरी, नवेगाव-रामदेगी अशी गावं गाभ्याबाहेर हलवली गेली. बफरमधल्या शेतकऱ्याची वाघाशी गाठ आजही पडते, आणि ती जिप्सीतून पडत नाही. गेटवर गाईड, चालक म्हणून उभी असलेली पोरं याच गावांची. हल्ली त्यांत मुलीही आहेत. त्यांना प्रश्न विचारा. फक्त ‘वाघ कुठे’ एवढाच नको.

जाणार असाल तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी हवा सोसवते, वाघ मात्र एप्रिल-मेच्या उन्हात पाणवठ्यावर जास्त दिसतो. 1 जुलै ते 30 सप्टेंबर गाभा क्षेत्र बंद. सफारीचं बुकिंग ऑनलाइन आणि पुष्कळ आधी करावं लागतं, परकोटाचं करावं लागत नाही. दर मंगळवारी ताडोबाला सुट्टी असते. तो मंगळवार चंद्रपूरला द्या, आणि लालपेठला जाताना सोबत वाटाड्या घ्या.