भदरवाहच्या जांभळ्या शेतातली भट्टी

बटोतला जम्मू–श्रीनगर महामार्ग सोडला की रस्ता चिनाबच्या काठानं पूल डोडापर्यंत जातो. तिथून नेरू नदीच्या सोबतीनं चढत तो भदरवाहला पोचतो. डोडा जिल्ह्यातलं हे गाव सुमारे 1,600 मीटर उंचीवर आहे. देवदारांची दाट जंगलं आणि हिरवी कुरणं यांमुळे त्याला ‘छोटा काश्मीर’ म्हणतात. इथल्या राजम्याला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण जूनमध्ये आसपासच्या शहरांतून गाड्या करून मित्रमंडळी येतात, ती राजम्यासाठी नव्हे. ती येतात लॅव्हेंडर बघायला.

देशातला पहिला लॅव्हेंडर महोत्सव 2022 मध्ये इथेच भरला. अशा दिवशी मांडव असतो, भाषणं होतात, तेलाच्या बाटल्या, साबण आणि अगरबत्त्यांचे स्टॉल लागतात, फुललेल्या ओळींमध्ये उभं राहून फोटो निघतात. तो सोहळा देखणाच असतो. तरीही या सहलीचा खरा ऐवज शेताच्या कडेला, वाफ सोडणाऱ्या स्टीलच्या टाकीपाशी आहे. तिथे थांबल्याशिवाय परतू नये.

डोडा परिसरातला शेतकरी पिढ्यान् पिढ्या मका लावत आला. उतारावरची छोटी शेतं, पावसावरची शेती, आणि कणसं भरली की माकडांचा उपद्रव. लॅव्हेंडरला पाणी कमी लागतं, निचऱ्याची जमीन आणि थंड हवा मानवते. शिवाय त्याच्या उग्र वासामुळे जनावरं आणि माकडं त्याच्या वाटेला फारशी जात नाहीत. पण नवं पीक घेणं म्हणजे घरातला मका सोडणं. लॅव्हेंडर लावल्यावर पहिली एक-दोन वर्षं हाती फारसं काही लागत नाही. त्या काळात घर कसं चालवायचं, हा प्रश्न लावणी करणाऱ्या प्रत्येकापुढे होता. म्हणून सुरुवातीला पुढे आलेल्या मोजक्या शेतकऱ्यांच्या धैर्याचं मोल मोठं आहे.

त्यांच्या पाठीशी जम्मूची एक प्रयोगशाळा उभी राहिली. 1941 मध्ये औषध संशोधन प्रयोगशाळा म्हणून सुरू झालेली ही संस्था पुढे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेकडे, म्हणजे सीएसआयआरकडे आली. आज ती भारतीय समवेत औषध संस्थान म्हणून ओळखली जाते. परिषदेच्या ‘अरोमा मिशन’खाली या संस्थेनं शेतकऱ्यांना रोपं दिली, लागवड शिकवली आणि तेल काढायची यंत्रं उभारली. तिच्या ‘आरआरएल–12’ या वाणानं इथल्या शेतीचं रूप पालटलं. आता हजाराहून अधिक कुटुंबं लॅव्हेंडर लावतात. त्याला ‘जांभळी क्रांती’ असं नाव पडलं आणि 2024 च्या प्रजासत्ताक दिनी परिषदेचा चित्ररथही याच विषयावर होता.

टाकीपाशी चालतं ते ऊर्ध्वपातन. दव उडून गेल्यावर, कोरड्या उन्हात फुलांचे तुरे विळ्यानं कापतात. ते आत जाळीवर ठासून भरतात, झाकण घट्ट बसवतात आणि खालून वाफ सोडतात. वाफ फुलांमधून वर चढताना त्यांतलं सुगंधी तेल सोबत घेते. ती नळीतून थंड पाण्यात बुडवलेल्या वेटोळ्यात जाते आणि तिचं पुन्हा पाणी होतं. शेवटच्या भांड्यात दोन थर दिसतात. तेल पाण्याहून हलकं असल्यामुळे ते वर तरंगतं आणि अलगद काढून घेता येतं. खाली उरलेलं पाणीही वाया जात नाही. मंद वासाचं ते पाणी गुलाबपाण्यासारखं वापरलं आणि विकलं जातं.

शंभर किलो ताज्या फुलांतून साधारण किलोभर तेल मिळतं. म्हणूनच ही टाकी शेताजवळ असणं महत्त्वाचं आहे. ढीगभर फुलं घाटरस्त्यानं जम्मूला नेण्यात भाडं जातं आणि तोवर ती कोमेजतात. तेलाची बाटली मात्र पिशवीत मावते. तेलाचा दर्जा मुख्यतः लिनालूल आणि लिनालिल अॅसिटेट या दोन घटकांवर ठरतो. ते प्रयोगशाळेत मोजता येत असल्यामुळे शेतकऱ्याला आपला माल कोणत्या प्रतीचा हे खरेदीदाराला पुराव्यानिशी सांगता येतं. लिटरला दहा हजार रुपयांच्या आसपास भाव मिळतो असं सांगितलं जातं. सुगंधी द्रव्यं, साबण, सौंदर्यप्रसाधनं अशा अनेक उद्योगांना हे तेल लागतं.

आणखी एक मिळकत रोपांची. लॅव्हेंडर बियांपासून वाढवलं तर प्रत्येक झाडाचं तेल वेगळं निघतं, म्हणून फांद्यांचे तुकडे लावून रोपं तयार करतात. ज्यांनी आधी लावलं ते आता इतरांना रोपं विकतात. झुडूप एकदा रुजलं की अनेक वर्षं फुलतं, त्यामुळे दरवर्षीची नांगरणी आणि पेरणी वाचते.

याचा अर्थ काळजी संपली असा नाही. बल्गेरिया आणि फ्रान्स हे या तेलाचे जुने, मोठे उत्पादक आहेत, आणि जगाच्या बाजारात भाव वरखाली होतात. पोटाला लागणारं धान्य पूर्ण सोडून सगळी जमीन एकाच पिकाखाली आणणं धोक्याचं ठरेल. लागवड वाढेल तसा खरेदीचा पक्का करारही वाढायला हवा. महोत्सवाच्या मांडवात फुलांच्या कौतुकाइतकीच याची चर्चा व्हावी.

महाराष्ट्राचा या गोष्टीशी थेट धागा आहे. लॅव्हेंडर विदर्भाच्या उन्हात तगणार नाही, पण याच अरोमा मिशननं विदर्भ आणि मराठवाड्यासारख्या कोरड्या भागांसाठी गवती चहासारखी सुगंधी पिकं पुढे आणली. तिथेही गावाजवळ ऊर्ध्वपातनाची सोय झाली, तरच त्यात राम आहे.

जायचं असेल तर बहर जूनच्या सुरुवातीपासून जुलैपर्यंत असतो. महोत्सवाची तारीख आधी विचारून घ्या आणि घाटरस्ता लांबचा असल्यामुळे भदरवाहमध्ये एक मुक्काम ठेवा. ओळींमधून चालताना झुडपं तुडवू नका, फुलं तोडू नका. तेल घ्यायचं असेल तर ते शेतकऱ्यांच्या स्टॉलवरूनच घ्या.