मुरमांचे मलम, रक्ताची कॅप्सूल

आपल्या घरात लहान मूल असेल तर नऊ महिन्यांचे झाल्यावर त्याला अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात ‘अ’ जीवनसत्त्वाचा पहिला डोस पाजल्याचे आपल्याला आठवत असेल. पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी तो गोड, पिवळसर द्रव चमच्याने दिला जातो. रातांधळेपणा टळावा आणि डोळे शाबूत राहावेत म्हणून दिल्या जाणाऱ्या या जीवनसत्त्वाच्या कुळात ट्रेटिनॉइन नावाचे एक औषध जन्मले आहे. रोह्याच्या बाजारपेठेत ते मुरमांच्या मलमाच्या नळीत मिळते. खारघर किंवा परळच्या कर्करोग रुग्णालयात तेच औषध कॅप्सूलमधून एका विशिष्ट रक्तकर्करोगासाठी दिले जाते. औषध एकच, पण दोन्ही ठिकाणचे त्याचे दुष्परिणाम इतके निराळे आहेत की एकीकडची भीती दुसरीकडे नेली तर हानीच होते.

समजा, आपण वरसे येथे राहता. घरातील एकजण धाटावच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जातो, मुलगी रोह्याच्या महाविद्यालयात शिकते. तिच्या गालांवर तारुण्यपीटिका उठल्या आहेत. मैत्रिणीने नळीचे नाव सांगितले, औषधाच्या दुकानातून ती आणली गेली, आणि दहा दिवसांत चेहरा लाल होऊन सोलवटला. “हे औषध बाधले,” असा निवाडा घरात तत्काळ होतो. ते औषध खरोखर बाधले का, याचा विचार प्रथम करू.

ट्रेटिनॉइन त्वचेच्या वरच्या थरातील पेशींच्या जन्ममृत्यूचा वेग वाढवते आणि छिद्रांत अडकलेला मळ सैल करते. फिलाडेल्फियातील त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली मुरमांवरील त्याचा उपयोग प्रसिद्ध केला. लाली, कोरडेपणा, चुणचुण, साल निघणे आणि पहिल्या काही आठवड्यांत मुरूम वाढल्यासारखे वाटणे, हे सारे त्या कामाचेच पडसाद होत. गुण दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. बहुतेक जण तिसऱ्या आठवड्यात नळी फेकून देतात. रात्री चेहरा धुऊन पूर्ण कोरडा होऊ द्यावा, वीसेक मिनिटे थांबावे, संपूर्ण चेहऱ्यासाठी वाटाण्याएवढेच मलम घ्यावे, सुरुवातीस एक रात्र सोडून लावावे. इतके पाळले तरी निम्मा त्रास टळतो. बेन्झॉइल पेरॉक्साइडचे मलम त्याच वेळी लावू नये. त्याने ट्रेटिनॉइन निकामी होऊ शकते. उन्हाचा ताप या त्वचेला अधिक जाणवतो, त्यामुळे सकाळी सनस्क्रीन किंवा निदान डोक्यावरून ओढणी हवीच. आपल्या सावळ्या-गव्हाळ वर्णाला आणखी एक धोका असतो. त्वचा फार चुरचुरली की त्या जागी काळपट डाग उरतात आणि ते मुरमांहून अधिक काळ टिकतात. म्हणून सोसत राहणे हा येथे गुण मानू नये. जळजळ वाढली तर दोन-तीन दिवस थांबून डॉक्टरांना विचारावे.

दुकानातून आलेली ती नळी निव्वळ ट्रेटिनॉइनची होती का, हेही तपासून पाहावे. आपल्याकडे ‘गोरे करणारे’ म्हणून जे तिहेरी मलम सर्रास वापरले जाते, त्यात ट्रेटिनॉइनसोबत हायड्रोक्विनोन आणि मोमेटासोनसारखे स्टेरॉइड असते. पहिले काही दिवस चेहरा तुकतुकीत दिसतो. मग त्वचा पातळ होते, लाल रेषा उमटतात, लव वाढते, आणि मलम थांबवताच मुरूम दुप्पट जोमाने परततात. हे दुष्परिणाम मुख्यतः स्टेरॉइडचे असतात, पण दोष ट्रेटिनॉइनच्या माथी जातो. २०१८ साली केंद्र सरकारने अशी स्टेरॉइडयुक्त मलमे चिठ्ठीविना विकण्यास बंदी केली. तरीही दुकानात नाव सांगितले की नळी हाती पडते, हे आपण सर्व जाणतो. नळीवर बारीक अक्षरांत छापलेली घटकांची यादी वाचण्याची सवय घरातील एकाने तरी लावून घ्यावी.

मलमातून रक्तात शिरणारे औषध अत्यल्प असते. पोटात घेण्याच्या गोळ्यांचे मात्र तसे नाही.

हट्टी, खोल, व्रण ठेवणाऱ्या मुरमांसाठी त्वचारोगतज्ज्ञ आयसोट्रेटिनॉइन देतात. ते ट्रेटिनॉइनचे सख्खे भावंड. अणू तेच, मांडणी थोडी वेगळी. ओठ फुटणे, डोळे कोरडे होणे, नाकातून थोडे रक्त येणे, अंग दुखणे, रक्तातील चरबी वाढणे, क्वचित यकृतावर ताण येणे, हे त्याचे नोंदलेले परिणाम आहेत. बहुतेक वेळा मात्रा कमी केल्यावर ते मावळतात. गर्भावरील परिणाम मात्र मावळणारा नाही. गर्भारपणाच्या पहिल्या महिन्यांत हे औषध पोटात गेले तर साधारण पाचात एक ते तिनात एक बाळात कान, हृदय, चेहरा किंवा मेंदूचे गंभीर व्यंग आढळले आहे. गर्भपाताचा धोका तो निराळाच. आपल्याकडे लग्न ठरले की मुलीच्या चेहऱ्याचे उपचार सुरू होतात, ही गोष्ट येथे मुद्दाम सांगितली पाहिजे. साखरपुड्यानंतर कॅप्सूल सुरू होते, मांडवापर्यंत चालते, आणि घरातील कोणीही नव्या जोडप्याला सांगत नाही की शेवटच्या कॅप्सूलनंतर किमान एक महिना गर्भ राहता कामा नये. डॉक्टरांनी सांगितलेले असते, पण ते मुलीला एकटीला. सासरी ही गोष्ट बोलायला ती संकोचते. आईने हा संकोच आपल्या अंगावर घ्यावा, जावयाशी स्पष्ट बोलावे. त्याच काळात, आणि नंतरचा एक महिना, रक्तदानही करू नये. ते रक्त एखाद्या गर्भवतीला चढू शकते. वराने या गोळ्या घेतल्याने गर्भाला व्यंग येते, असे मात्र आढळलेले नाही.

औदासीन्याचा प्रश्नही पालक हमखास विचारतात. आयसोट्रेटिनॉइन घेणाऱ्या काही तरुणांत निराशा, क्वचित आत्महत्येचे विचार नोंदले गेले, आणि औषधासोबत तसा इशारा दिला जातो. मोठ्या संख्येच्या अभ्यासांत हे प्रमाण इतरांपेक्षा वाढलेले दिसत नाही. शिवाय व्रणांनी भरलेला चेहराही मन खचवतोच. तरी समूहाचा निष्कर्ष आपल्या मुलाला लागू पडेलच असे नाही. तो जेवायला नको म्हणू लागला, रात्री जागा राहू लागला, एकाकी झाला, तर गोळी थांबवून त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावे.

एक गोष्ट आपल्या भागासाठी विशेष. पावसाळ्यात कुंडलिकेच्या काठी पाणी साचते, शेतात चिखलणी चालते, आणि ताप आला की लेप्टोस्पायरोसिसच्या शंकेने डॉक्सिसायक्लिन दिले जाते. ते योग्यच आहे. पण आयसोट्रेटिनॉइन किंवा ट्रेटिनॉइनची कॅप्सूल चालू असताना डॉक्सिसायक्लिन घेतल्यास कवटीतील दाब वाढण्याचा धोका असतो. तीव्र डोकेदुखी, उलटी आणि धूसर दिसणे ही त्याची लक्षणे. तापाच्या गडबडीत मुरमांची गोळी ‘औषध’ म्हणून कोणी सांगत नाही. सांगावी. दमट हवेत घरोघरी पसरलेल्या गजकर्णासाठी घेतली जाणारी फ्लुकोनॅझोलसारखी गोळीही ट्रेटिनॉइनचे रक्तातील प्रमाण वाढवू शकते. शक्तीसाठी म्हणून ‘अ’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या वरून घेणे तर शुद्ध अविचार होय; दोन्ही एकाच कुळातील असल्याने विषबाधेचा धोका बळावतो.

आता त्या दुसऱ्या घराकडे वळू.

ॲक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग १९५७ साली नॉर्वेच्या हिलेस्टाड यांनी वेगळा ओळखला. त्या काळी तो सर्वांत वेगाने मारणारा मानला जाई, कारण रोगी कर्करोगाने नव्हे तर रक्तस्रावाने दगावत. रक्तातील पांढऱ्या पेशी अर्धवट वाढीत अडकतात आणि गोठण्याची व्यवस्था कोलमडते. १९८० च्या दशकात शांघायच्या रुईजिन रुग्णालयात वांग झेन्यी यांनी या पेशींना मारण्याऐवजी वाढवून मोठे करावे, असा विचार केला. १९८५ साली त्यांनी पाच वर्षांच्या एका मुलीला ट्रेटिनॉइन दिले आणि ती सावरली. १९८८ साली २४ रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध झाला. सर्वांचा रोग आटोक्यात आला होता, त्यांतील २३ जणांचा केवळ याच औषधाने. पुढे त्याला आर्सेनिक ट्रायऑक्साइडची, म्हणजे आपल्या जुन्या वैद्यांच्या सोमलाची, जोड मिळाली. आज धोका कमी असलेल्या रुग्णांपैकी दहातले नऊ आणि त्याहून अधिक बरे होतात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने आर्सेनिकवर केलेले काम जगभर वाचले गेले, हेही सांगायला हवे. सोमल म्हटल्यावर कोणी घरच्या घरी भस्म घेऊ नये, इतके मात्र येथेच बजावतो.

या आजारात ट्रेटिनॉइनची मात्रा मोठी असते. प्रौढ माणसाला दिवसाला दहा मिलिग्रॅमच्या सात-आठ कॅप्सूल दोन वेळांत विभागून घ्याव्या लागतात. डोकेदुखी, कोरडी त्वचा, हाडांत दुखणे हे परिणाम नेहमीचे. लहान मुलांत डोकेदुखी अधिक. खरी भीती डिफरन्शिएशन सिंड्रोमची. अडकलेल्या पेशी एकदम वाढू लागल्या की त्यांतून सुटणाऱ्या द्रव्यांमुळे रक्तवाहिन्या पाझरतात. ताप येतो, दम लागतो, पाय सुजतात, दोन दिवसांत वजन काही किलोंनी वाढते, रक्तदाब उतरतो. साधारण चारांतील एका रुग्णाला, बहुधा पहिल्या तीन आठवड्यांत, हे घडते. डेक्सामेथासोन वेळेत सुरू झाले तर बहुतेक जण वाचतात. म्हणूनच सुरुवातीचे उपचार रुग्णालयात भरती करूनच होतात. रोज सकाळी वजन करणे हा तेथील कंटाळवाणा शिरस्ता नव्हे. सोबत राहणाऱ्या नातेवाईकाने चपला कालच्यापेक्षा घट्ट झाल्या का, दोन उशा लागू लागल्या का, इकडे लक्ष ठेवावे आणि परिचारिकेला लगेच सांगावे.

दुष्परिणामांची अशी यादी वाचून कोणी कॅप्सूल बंद केली तर काय होते, हे सांगण्याची गरज नसावी. पण घडते. ताप आणि सूज पाहून ‘औषध उष्ण पडले’ म्हणत घरी नेण्याचा आग्रह धरणारे वडीलधारे प्रत्येक कुटुंबात असतात. या आजारात आधीपासूनच ताप असतो, रक्तस्राव असतो. ते औषधाचे की रोगाचे, हे घरात बसून ठरत नाही.

सर्वांत मोठा धोका तर औषध सुरू होण्याआधीचा आहे. श्रावणात एखाद्याला ताप आला, हिरड्यांतून रक्त आले, हातापायांवर मार न लागता काळेनिळे डाग उठले, प्लेटलेट कमी निघाल्या. रायगडात पहिला तर्क डेंग्यूचा किंवा लेप्टोचा होणार, आणि बहुतेक वेळा तो खराही असणार. पण पांढऱ्या पेशी विचित्र दिसत असतील, हिमोग्लोबिनही उतरले असेल, तर रक्ताची काच पॅथॉलॉजिस्टच्या डोळ्यांखालून गेलीच पाहिजे. यंत्राचा आकडा पुरेसा नाही. हा रोग असल्याची नुसती दाट शंका आली तरी जनुकीय चाचणीची वाट न पाहता तज्ज्ञ ट्रेटिनॉइन सुरू करतात, कारण पहिल्या काही दिवसांतच रक्तस्रावाचे मृत्यू होतात. रोह्याहून खारघरचे टाटा केंद्र काही तासांच्या अंतरावर आहे. ‘सोमवारी जाऊ’ हा निर्णय येथे घेऊ नये. शिधापत्रिका आणि आधारकार्ड सोबत ठेवावे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाच्या अनेक उपचारांचा समावेश आहे आणि रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे त्याची चौकशी करता येते.

आता राहिला ‘नोंदलेला दुष्परिणाम’ या शब्दप्रयोगाचा अर्थ. औषधानंतर काही घडले असे कोणी कळवले, एवढाच तो आहे. औषधामुळेच घडले, हे त्यातून सिद्ध होत नाही. किती जणांना घडते, हेही कळत नाही. तरीही अशा नोंदींतूनच पुढे धोके उघड होतात. आपल्या देशात २०१० पासून औषध दक्षता कार्यक्रम चालतो आणि गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगात त्याचे राष्ट्रीय केंद्र आहे. डॉक्टरांप्रमाणे रुग्णही नोंद करू शकतात. मराठीत अर्ज मिळतो आणि १८००-१८०-३०२४ हा दूरध्वनी क्रमांक निःशुल्क आहे. सिद्ध करण्याचे ओझे आपल्यावर नसते. औषधाचे नाव, मात्रा, कधी सुरू केले, काय झाले, सोबत आणखी कोणत्या गोळ्या होत्या, इतके सांगावे. नळी किंवा पाकीट फेकू नये. त्यावरील बॅच क्रमांक लागतो. मुलीचा चेहरा सोलवटला त्या दिवशी ती नळी कचऱ्यात गेली असेल, तर निदान दुकानदाराची पावती शोधून ठेवावी.