‘अ बिट’ म्हणजे नक्की किती?

ठरल्याप्रमाणे आज ‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’ यांची पाळी होती. पण गेल्या आठवड्यातला ‘लिटल’ वाचून नाशिकच्या एका वाचकाने असा प्रश्न पाठवला आहे की ‘फ्यू’ला थांबावं लागणार. कंपनीच्या मेलमध्ये त्याने ‘देअर इज अ बिट प्रॉब्लेम’ असं लिहिलं. साहेबांनी मध्ये ‘ऑफ अ’ घालून मेल परत पाठवला. एवढ्याशा ‘बिट’ला हे शेपूट कशाला, असा त्याचा सवाल.

गडबड आपल्या ‘जरा’मुळे होते. ‘जरा’ कुठेही खपतो: जरा दमलोय, जरा मीठ दे, जरा अडचण आहे. इंग्रजीत या तिन्हींची मांडणी वेगळी. विशेषणाआधी नुसतं ‘अ बिट’ चालतं: ‘आय ॲम अ बिट टायर्ड’. मीठ, नशीब, सल्ला अशा न मोजता येणाऱ्या नामाआधी ‘ऑफ’ लागतो: ‘अ बिट ऑफ सॉल्ट’, ‘अ बिट ऑफ लक’. आणि प्रॉब्लेमसारखं मोजता येणारं एकवचनी नाम आलं की ‘अ बिट ऑफ अ प्रॉब्लेम’. साहेब बरोबर होते.

‘बिट’ हे मुळात नामच. चावा घेण्याच्या क्रियापदाशी त्याचं नातं, म्हणून मूळ अर्थ घास, तोडलेला तुकडा. तुकडा कशाचा, हे सांगायला ‘ऑफ’ आला आणि राहिला. पुढे हा तुकडा नाण्यांपर्यंत पोहोचला. ब्रिटनमध्ये तीन पेनीचं नाणं ‘थ्रेपनी बिट’ झालं, तर अमेरिकेत ‘टू बिट्स’ म्हणजे पाव डॉलर, कारण जुना स्पॅनिश डॉलर आठ भागांचा असे आणि सुट्ट्यांसाठी तो चक्क कापला जाई. संगणकातला ‘बिट’ मात्र या घरातला नाही. ‘बायनरी डिजिट’ आवळून तो तयार झाला. क्लॉड शॅनन यांनी 1948च्या आपल्या निबंधात तो वापरला आणि श्रेय जॉन टुकी यांना दिलं.

गेल्या वेळचा ‘अ लिटल’ आणि हा ‘अ बिट’ एरवी सख्खे भाऊ. ‘नॉट’ आला की वाटा फुटतात. ‘नॉट अ बिट सरप्राइज्ड’ म्हणजे जराही आश्चर्य वाटलं नाही. ‘नॉट अ लिटल सरप्राइज्ड’ म्हणजे चांगलाच चकित. ‘क्वाइट अ बिट’ म्हणजे तर बरंच!

आणखी एक खोड. ‘अ बिट’ बहुधा तक्रारीच्या विशेषणाशी जमतो. ‘अ बिट एक्स्पेन्सिव्ह’, ‘अ बिट लेट’ सहज कानावर पडतं, ‘अ बिट नाइस’ सहसा नाही. तुलना असेल तर हरकत नसते. ‘अ बिट बेटर’ बिनधास्त म्हणावं.

पण व्याकरण सांभाळूनही हा शब्द दगा देऊ शकतो. एप्रिल 1951, कोरियातली इमजिन नदी. ग्लॉस्टरशायर रेजिमेंटची पहिली बटालियन चिनी फौजांच्या वेढ्यात सापडली होती. ब्रिटिश ब्रिगेडियर टॉम ब्रॉडी यांनी अमेरिकन मेजर जनरल रॉबर्ट सोल यांना कळवलं, की परिस्थिती ‘अ बिट स्टिकी’ आहे. ब्रिटिश कानांना यातून ‘आता निभाव लागणं कठीण’ असं ऐकू येतं. अमेरिकन सेनापतीने शब्दश: अर्थ घेतला, थोडी ओढाताण आहे, पण निभावतंय. बटालियनमधले फार थोडे जण निसटू शकले. बाकीचे मारले गेले किंवा कैद झाले. एका शब्दाने लढाई हरली असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल, पण ब्रिटिशांच्या कमी करून बोलण्याचं उदाहरण म्हणून ही गोष्ट अजून सांगितली जाते.

तेव्हा नाशिककरांनी ‘ऑफ अ’ जरूर लिहावं. मात्र मशीन बंद पडून माल अडकला असेल आणि मेल परदेशी जाणार असेल, तर सरळ ‘सीरियस प्रॉब्लेम’ लिहावं. ‘फ्यू’ पुढच्या आठवड्यात.