छापील वेष्टनाला संकेतस्थळाची जोड

अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आलेला वाशिम जिल्हा प्रामुख्याने शेतीवर अवलंबून आहे. सोयाबीन व तूर ही येथील महत्त्वाची पिके. बाजार समितीच्या आवारात तुरीचा लिलाव झाला, की ती कोणाच्या शेतातील हे कोणी विचारीत नाही. तीच तूर डाळ होऊन बचत गटाच्या पिशवीतून विकली गेली, तर गटाचे नाव ग्राहकाच्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचते. मात्र मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात डाळ घेतलेल्या गृहिणीने ती संपल्यावर पुन्हा मागणी नोंदवावी कोठे, हा खरा प्रश्न होय. पत्रक तोवर हरवलेले असते. हाती उरते ती रिकामी पिशवी.

म्हणूनच वेष्टन आणि संकेतस्थळ यांची सांगड घालणे इष्ट ठरते. छपाई स्वस्त पडावी म्हणून पिशव्या हजारोंनी छापल्या जातात. त्यांवरील मजकूर नंतर बदलता येत नाही. तेव्हा मालाचे नाव, घटक, निव्वळ वजन, गटाचा पत्ता आणि १४ अंकी अन्न सुरक्षा क्रमांक हा स्थिर मजकूर छापावा. किंमत व तारीख शिक्क्याने उमटविता येते. शिल्लक माल, पाठवणीचा खर्च, नव्या हंगामाची वार्ता ही बदलती माहिती संकेतस्थळावर असावी. दोन्हीकडील वजन व किंमत मात्र जुळलीच पाहिजे. ऑनलाइन विक्रीसाठी ठेवलेल्या वेष्टित मालाचा बहुतेक वैधानिक तपशील पडद्यावरही दर्शविणे १ जानेवारी २०१८ पासून बंधनकारक आहे.

या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे क्यूआर कोड. जपानमधील डेन्सो कंपनीत १९९४ साली मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तो प्रथम तयार झाला. त्याच्या चारही बाजूंना कोरी जागा न सोडल्यास फोनला तो वाचता येत नाही. सुशोभनाच्या हौसेपायी नेमकी हीच जागा भरली जाते! यास्तव नमुन्याची पिशवी साध्या फोनवर तपासूनच छपाईस संमती द्यावी. कोडखाली पत्ता अक्षरांतही असावा. २०१४ पासून ‘.भारत’ या देवनागरी नावाचीही सोय झाली आहे.

सर्वांत मोठा धोका निराळाच आहे. संकेतस्थळाचे नाव कायमचे विकत मिळत नाही. ठराविक मुदतीनंतर शुल्क भरून त्याचे नूतनीकरण करावे लागते. ते राहून गेल्यास नाव दुसरा कोणीही घेऊ शकतो आणि गटाच्याच पिशवीवरील कोड ग्राहकाला परक्या दारी नेतो. संकेतस्थळ तयार करून देणाऱ्याने ते स्वतःच्या नावे नोंदविले असल्यास गट त्याच्या मर्जीवर राहतो. नोंदणी गटाच्याच नावे करून घ्यावी.

२०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत गटांच्या सामाईक मुद्रानाम व विपणनासाठी ५० टक्के अनुदानाची तरतूद करण्यात आली. अशा प्रस्तावांत छपाईबरोबरच संकेतस्थळाच्या पुढील वर्षांच्या शुल्काचाही विचार ग्रामपंचायतींनी गटांकडून करून घ्यावा. वेष्टनाचे मुद्रितशोधन गावातील शिक्षकांना सहज करता येईल. नूतनीकरणाची तारीख गटाच्या इतिवृत्त वहीत पहिल्याच पानावर लिहून ठेवावी.