कॉलेजात फोटोग्राफी कशासाठी शिकायची?

लग्नसराई आली की धाराशिव, तुळजापूर, उमरग्याच्या स्टुडिओंत बारावी झालेली पोरं मदतनीस म्हणून लागतात. आधी लाईट धरायचा, बॅटऱ्या चार्ज करायच्या, मग कधीतरी कॅमेरा हाती येतो. या शिक्षणाला मी कमी लेखणार नाही. अंतरपाट दूर होतो तो क्षण नेमका टिपायचा, हे मांडवातच अंगवळणी पडतं. मग कॉलेजात वर्षं कशाला घालवायची? पालकांचा प्रश्न रास्त आहे.

उत्तरासाठी पावसाळ्यात नळदुर्गला जावं. बोरी नदीवरच्या पाणीमहालाच्या बंधाऱ्यावरून नर-मादी धबधबे कोसळत असतात. शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकंच उघडलं, तर पाण्याचा थेंब न् थेंब हवेत थिजलेला दिसतो. अर्धा सेकंद उघडं ठेवलं, तर तेच पाणी मलमलीसारखं उतरतं. पण तेवढ्या वेळात पाचशेपट उजेड आत येतो आणि भर दिवसा फोटो पांढराफटक पडतो. म्हणून भिंगाचं छिद्र लहान करायचं, भिंगापुढे काळसर एनडी फिल्टर लावायचा, कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवायचा. ऑटो मोडला यातलं काय हवंय ते कळत नाही; ते फोटोग्राफरनं ठरवायचं असतं. चांगल्या कॉलेजात हे ठरवण्याचा सराव होतो. काढलेला फोटो सगळ्या वर्गापुढे लागतो आणि हाच उजेड का निवडला, याचं उत्तर द्यावं लागतं. ऑर्डरच्या घाईत असं विचारायला कोणाला सवड नसते.

वर्गात फोटोग्राफी शिकवण्याची कल्पना आजची नाही. मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये 1855 च्या सुमारास फोटोग्राफीचा वर्ग निघाला होता. तिथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटला.

ऑर्डरच्या घाईत धंद्याचा कायदाही शिकायचा राहून जातो. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, ग्राहक असतो. म्हणजे नवरा-नवरीचा फोटो स्वतःच्या जाहिरातीत वापरायचा असेल, तर ऑर्डर घेतानाच तसं लिहून घ्यायला हवं. ज्या अभ्यासक्रमात करार, बिल आणि दर ठरवणं शिकवत नाहीत, त्याची फी भरण्याआधी दहादा विचार करावा. तिथल्या मुलांना स्टुडिओतले लाईट वापरायला किती तास मिळतात, शिकवणारे आजही कामं घेतात का, हेही विचारावं.

आपल्याकडच्या मुलांना जवळचा पर्याय छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कला महाविद्यालय, मुंबईत जे. जे. आहे. उपयोजित कलेची पदवी चार वर्षांची, फोटोग्राफी त्यातला एक विषय. मात्र या पदवीच्या सीईटीत कॅमेरा लागत नाही. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र कागदावर काढावं लागतं. कॅमेऱ्याच्या हौसेपोटी अर्ज भरणारी मुलं इथेच अडतात. म्हणून शाळेत असतानाच चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षा देऊन ठेवाव्यात आणि रोज थोडं तरी रेखाटन करावं.